टिळा लावलेलं झाकण

मित्रांनो, मी एक जुना, मोडका लॉन मोअर आहे. हसलात ना? हसा. गवत कापणाऱ्या यंत्राला कसली आली आहे जीवनकहाणी, असंच तुम्हाला वाटलं असणार. माझ्या शेजारी इथं एक गंजलेली ढकलगाडी पडली आहे, तिलाही तसंच वाटतं. पण तिला एकच चाक आहे आणि अक्कल त्याहून कमी, म्हणून तिचं मी मनावर घेत नाही. तुम्ही शाळेत जाता, तेव्हा तुमच्याकडून जरा जास्त अपेक्षा आहे.

मी चेन्नईत राहतो. एग्मोर स्टेशनच्या मागच्या बाजूला एक शाळा आहे, तिच्या मैदानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्या इंजिनाला एका बाजूनं भोक पडलं आहे आणि त्यातून एक पाल ये-जा करते. हे भोक कुणामुळे पडलं, यावर मोठमोठ्या माणसांनी एकदा दीड तास वाद घातला होता. मी तिथंच, त्यांच्या पायाशी होतो. मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कोइंबतूरच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी लालभडक होतो. पातं असं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. दोरी एकदा ओढली की मी सुरू होत असे. माझ्या खोक्यावर तसं छापलंच होतं, आणि खोक्यावर छापलेलं खरं निघालं असं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. १९९७ साली मला या शाळेनं विकत घेतलं. विकत घेणारे होते बालाजीराव, शाळेचे करस्पाँडंट. इकडे खासगी शाळा चालवणाऱ्या माणसाला करस्पाँडंट म्हणतात, आणि सर म्हणायचं तर सार म्हणतात. हे तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. आपले पूर्वज राजाच्या दरबारात कारकून होते हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, पाहुण्यानं विचारलेलं नसलं तरी. त्यांच्या मनगटावर एक मोठं घड्याळ असे. कठीण प्रश्न आला की ते घड्याळ बघत. ही सवय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिली पाच वर्षं मी कृष्णस्वामी नावाच्या माळ्याच्या हाती होतो. तो दोरी ओढायच्या आधी मला लाथ मारायचा आणि पेट्रोल ओतताना विडी ओढायचा. तेल म्हणजे डोक्याला लावायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मग एन्नोरच्या वीजकेंद्रात त्याला काम मिळालं आणि तो गेला. वीजकेंद्राचं काय झालं मला माहीत नाही. त्याच्यावर याहून जास्त शब्द खर्च करावेत इतकी त्याची लायकी नाही.

तो गेल्यावर मैदानात गवत गुडघ्यापर्यंत वाढलं. तेव्हा सकवारबाई पुढे आल्या. सकवारबाई शाळेत झाडू मारायच्या आणि पाण्याचे घडे भरायच्या. त्याही तंजावरकडच्याच, मराठी बोलणाऱ्या. पण त्यांचे पूर्वज कुठल्या दरबारात नव्हते, निदान त्यांनी कधी सांगितलं नाही. नवरा चेन्नईजवळच्या कोवलमला कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. तो वारल्यावर त्या शहरात आल्या. मी हे यंत्र चालवते म्हणाल्या, तेव्हा बालाजीराव हसले. मास्तरांच्या खोलीतले सगळे हसले. बाई आणि इंजिन, या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या म्हणून हसले. त्यातल्या एकालाही माझी दोरी कुठं आहे हे सांगता आलं नसतं.

सकवारबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी माझं तेलाचं झाकण फिरवून काढलं. या झाकणालाच खाली एक पट्टी असते, ती पोटातल्या तेलात बुडते. तेल किती आहे ते पट्टीवर दिसतं. त्यांनी पट्टी पदरानं पुसली, परत बुडवली, आणि बालाजीरावांच्या नाकासमोर धरली.

"हें तेल नव्हे, सार," त्या म्हणाल्या. "हें डांबर."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. तमिळ मी कारखान्यात शिकलो होतो, मराठी मला त्यांनी शिकवली. त्यांची ती जुनी, अनुस्वारांनी भरलेली तंजावरची मराठी मला जमत नाही, म्हणून मी तुमची पुस्तकी बोलतो. रोज सकाळी त्या यायच्या, आधी झाकण उघडायच्या, पट्टी बघायच्या, पुसायच्या, मग दोरी. इंजिनाचं पोट बघितल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, हा त्यांच्या नवऱ्याचा नियम होता. चार वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नाही. ताप असताना नाही, घाई असताना नाही. एकदा क्रीडादिनाला पाहुणे दारात आले असतानासुद्धा नाही. त्या क्रीडादिनाला पाहुण्यांनी मैदानाची फार तारीफ केली. बालाजीरावांनी ती हात जोडून स्वीकारली. मी तिथंच शेडमध्ये गरम होऊन उभा होतो आणि सकवारबाई पाण्याच्या घड्यापाशी. आमच्याकडे कुणी बघितलंही नाही. बघतील कशाला?

मग २००६ साल आलं. दसऱ्याच्या आठ दिवस आधी मी अडखळायला लागलो. कार्बुरेटरमध्ये कचरा गेला होता, दुसरं काही नाही. सकवारबाई म्हणाल्या, मी साफ करते. बालाजीराव म्हणाले, नको, डीलरकडे पाठवू, तिथं शिकलेली माणसं आहेत. मग शाळेच्या व्हॅनमधून मी डीलरकडे गेलो.

त्या शिकलेल्या माणसांबद्दल आता ऐका. दुकानाचे मालक गुरुमूर्ती. पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. यंत्राला ते हात लावत नसत, शर्टाला डाग पडतो म्हणून. हात लावायचा तो त्यांचा मेकॅनिक चंद्रमौळी. हा पन्नाशीचा, मुकाट्यानं काम करणारा, देवभोळा माणूस. त्याच्या उजव्या अंगठ्यावर जुन्या जखमेची आडवी रेघ होती. काम त्याला येत होतं, हे मी मान्य करतो. त्यानं कार्बुरेटर साफ केला, पात्याला धार लावली आणि खालचा बोल्ट काढून जुनं तेल सगळं सोडून दिलं. नवं तेल आणि ट्रायल सगळ्यात शेवटी, असं तो स्वतःशीच पुटपुटला. आणि तेवढ्यात दुकानात धुलाई सुरू झाली.

कारण दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. तुमच्याकडे जिला खंडेनवमी म्हणतात तीच. पण तुमच्याकडे ती घरातल्या देव्हाऱ्यापाशी उरकते. इथं ती शहरभर असते. रिक्षा, बस, शिवणयंत्र, वजनकाटा, कुणाची सुटका नाही. डीलरच्या दुकानात एकूण एक पाना, हातोडी, तेलाचा डबा, मापटं आणि नरसाळं घासून, पुसून देवाच्या तसबिरीसमोर रचलं गेलं. एकदा का हत्यारं पूजेत बसली, की दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत ती उचलायची नाहीत. उचलली तर वर्षभर विघ्न, असं ही माणसं मानतात. ज्या कामासाठी हत्यारं आहेत ते काम अर्धवट टाकून हत्यारांच्या पाया पडायचं, हे मला अजून समजलेलं नाही. पण मी पडलो यंत्र. माझ्यापुढे कापूर ओवाळल्यावर मी काय बोलणार?

पूजेच्या दिवशी चंद्रमौळीनं आम्हा सगळ्या यंत्रांना रांगेत उभं केलं. माझ्या हँडलला झेंडूची माळ घातली. मग चंदनाच्या गंधात अंगठा बुडवून त्यानं टिळे लावले, पेट्रोलच्या टाकीवर एक, चाकांवर एकेक, आणि तेलाच्या झाकणावर एक. झाकणावरचा टिळा मोठा होता. अर्धा झाकणावर, अर्धा खालच्या लोखंडावर. त्यावर बोटभर कुंकू. टिळा वाळला तेव्हा त्यात त्याच्या अंगठ्यावरची ती आडवी रेघ स्पष्ट उमटलेली होती.

त्याच संध्याकाळी शाळेची व्हॅन दारात आली. बालाजीरावांनी दिवसभरात तीनदा फोन केला होता. गुरुमूर्ती तेव्हा गिऱ्हाइकांना कुरमुरे आणि गूळ वाटत होते. त्यांनी मान न वळवता सांगितलं, देऊन टाक. चंद्रमौळीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तसबिरीसमोरच्या नरसाळ्याकडे. मालकाला तो काही बोलला नाही. ड्रायव्हरलाही काही बोलला नाही. उद्या सुट्टी आहे, उद्या कोण गवत कापतंय, सकाळची पूजा झाली की आपण तेल घेऊन जाऊ आणि ओतून येऊ, असा त्यानं हिशेब केला. आणि मला व्हॅनमध्ये चढवलं. पोटात थेंबभर तेल नाही, गळ्यात झेंडूची माळ. गुरुमूर्तींनी आत जाऊन माझ्या कागदावर "तेल पाहिले" यापुढे बरोबरची खूण केली. खिशातल्या तीन पेनांपैकी एकाचा तेवढाच उपयोग झाला.

आता एक गोष्ट चंद्रमौळीच्या ध्यानात आली नाही. चेन्नईत विजयादशमीला वर्ग भरत नाहीत, पण पुष्कळ शाळा उघड्या असतात. त्याच दिवशी लहान मुलांचे प्रवेश होतात. आईबाप रेशमी कपड्यात येतात, मुलाचं बोट धरून तांदळात पहिलं अक्षर गिरवतात. आमच्या शाळेत साडेसातचा मुहूर्त होता आणि मैदानात गवत वाढलेलं होतं.

सकवारबाई सहा वाजता आल्या. माळ काढून बाजूला ठेवली. नेहमीप्रमाणे त्यांचा हात झाकणाकडे गेला आणि झाकणापाशी थांबला. टिळा बघितला त्यांनी. टिळ्यातली ती रेघही बघितली. झाकण फिरवलं की टिळा मोडणार, आणि विजयादशमीच्या सकाळी देवाचा टिळा मोडायचा कसा? चार वर्षांत पहिल्यांदाच त्या घुटमळल्या. तेवढ्यात व्हरांड्यातून बालाजीराव आले, नवं धोतर नेसून. बाईंनी त्यांना विचारलं, उघडून बघूं का, म्हणून. बालाजीरावांनी घड्याळ बघितलं.

"नक्को बाई," ते म्हणाले. "देवाचा टिळा आहे, मोडूं नका. डीलरनं आत्तांच केलेलं काम. लोक यायला लागले. ओढा दोरी."

हे वाक्य मी ऐकलं, मित्रांनो. माझ्यापासून हातभर अंतरावर बोलले ते.

सकवारबाईंनी दोरी ओढली. मी एका ओढीत सुरू झालो. सवय, दुसरं काय! मैदानाची एक रांग गेली, दुसरी गेली. तिसऱ्या रांगेत माझ्या पोटात आग पडली. लोखंडावर लोखंड घासायला लागलं, तसा मी ओरडायला लागलो. बाईंनी तत्काळ बटण बंद केलं, पण तोवर आतला दट्ट्याचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, मोडला होता आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. धूर निघाला. रेशमी कपड्यातली माणसं नाकाला रुमाल लावून उभी राहिली. बालाजीराव धावत आले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं तमिळमध्ये म्हणाले, की तेल न बघता यंत्र चालवतं का कुणी? सकवारबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बालाजीरावांनी घड्याळ बघितलं.

आणि त्याच वेळी, सकाळची पूजा आटोपून, फाटकात चंद्रमौळी आला. हातात पिवळी कापडी पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. त्यानं लांबून धूर पाहिला, माझ्याभोवतीचा घोळका पाहिला. मग पिशवी छातीशी धरली आणि आल्या पावली परत गेला. मला इंजिन असतं ना, तर मी त्याच्या पाठीमागे गेलो असतो.

शाळा चालवणाऱ्या ट्रस्टची माणसं दोन दिवसांनी जमली. त्यांनी ठरवलं ते असं. डीलरकडून लेखी कागद आणायचा. चूक दुकानाची असेल तर दुकानानं इंजिन नीट करून द्यावं. चूक चालवणाऱ्याची असेल तर सकवारबाईंनी परत झाडू हातात घ्यावा आणि यंत्राकडे फिरकू नये. सकवारबाईंना झाडूची लाज नव्हती. पण सगळ्या शाळेत इंजिनातलं कळणारं माणूस म्हणून त्यांना चार वर्षांनी मान मिळाला होता, तो आता एका कागदावर अडकला. बाईंनी एक गोष्ट केली. त्यांनी नारळाची अर्धी करवंटी माझ्या तेलाच्या झाकणावर पालथी घातली आणि सुतळीनं आवळून बांधली. कुणाला हात लावू दिला नाही.

मग आम्ही तिघं डीलरकडे गेलो, बालाजीराव, सकवारबाई आणि मी. बालाजीराव खुर्चीवर बसले. बाई उभ्या राहिल्या, कारण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मला फरशीवर ठेवलं, आणि मागे चंद्रमौळी उभा होता. सगळं बोलणं तमिळमध्ये चाललं. गुरुमूर्ती म्हणाले, दुकानाची चूक नाही. बाईनं दगडावर घातलं असेल. बाईनं पातं पुसायला यंत्र उलटं केलं असेल, तेल सांडलं असेल. बायकांच्या हातात इंजिन दिल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी कागदावरची ती बरोबरची खूण दाखवली. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलंही असतं. पण खोटं बोलणाऱ्याला सजावट करायचा मोह आवरत नाही. ते म्हणाले, त्या संध्याकाळी व्हॅनमध्ये चढवण्याआधी मी स्वतः, या हातांनी, हे झाकण उघडलं आणि पट्टी पाहिली, तेल रेघेपर्यंत होतं.

सकवारबाईंनी विचारलं, नक्की पूजा झाल्यानंतर ना? ते म्हणाले, नक्की. त्यांनी परत विचारलं, नक्की हेच झाकण? ते म्हणाले, दुसरं कुठलं असतं?

मग सकवारबाई खाली बसल्या आणि त्यांनी सुतळी सोडली. करवंटी उचलली. टिळा तसाच होता, अर्धा झाकणावर, अर्धा लोखंडावर. मध्ये एक चीरसुद्धा नाही. वाळलेल्या चंदनात अंगठ्याची आडवी रेघ तशीच. हे झाकण पूजेनंतर कुणीही उघडलेलं नव्हतं. गुरुमूर्तींनी सुद्धा नाही, त्यांच्या त्या हातांनी सुद्धा नाही.

गुरुमूर्ती म्हणाले, टिळा काय, शाळेतही लावता येतो. सकवारबाईंनी फक्त चंद्रमौळीच्या उजव्या हाताकडे बघितलं. चंद्रमौळीनं तो हात पाठीमागे नेला. मग, का कोण जाणे, परत पुढे आणला.

"मी तेल घातलं नव्हतं," तो म्हणाला. "नरसाळं पूजेत होतं. सकाळी मी बाटली घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आलो होतो."

मला वाटलं, संपलं. पण गुरुमूर्ती खिशात तीन पेनं उगाच बाळगत नव्हते. ते एकदम सरसावून बसले. म्हणाले, ठीक आहे, तेल नव्हतं. पण टिळा मोडलेला नाही याचा अर्थ तुमच्या बाईनंही झाकण उघडून बघितलं नाही. न बघता इंजिन चालवलं. मग चूक कुणाची?

आणि मित्रांनो, हे खरंच होतं. जो टिळा दुकानाचं खोटं दाखवत होता, तोच सकवारबाईंकडेही बोट दाखवत होता. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या मात्र बालाजीरावांकडे बघत होत्या. का, ते त्या दुकानात फक्त तिघांना माहीत होतं, त्यांना, बालाजीरावांना आणि मला.

सकवारबाईंनी तमिळ सोडलं. मराठीत बोलल्या, अगदी हळू. त्या दुकानात ही भाषा दुसऱ्या कुणाला कळत नव्हती. चारचौघांत बालाजीरावांची अब्रू जाऊ नये एवढ्यासाठीच.

"सार, तुम्ही सांगतां, कीं मी सांगूं?"

केवढी मोठी संधी होती ती! एक वाक्य पुरलं असतं. मीच उघडू नका म्हणालो, एवढंच. पाच शब्दसुद्धा नाहीत. बालाजीरावांनी घड्याळ बघितलं. घड्याळात काय होतं कुणास ठाऊक. मग तेही मराठीत म्हणाले, "घरीं बोलूं."

मी आयुष्यात खूप प्रकारचं गवत कापलं आहे. मऊ कापलं, काटेरी कापलं, कुत्र्यांनी घाण केलेलं कापलं. पण त्या दिवशी त्या खुर्चीवर जे बसलं होतं तसलं कधी माझ्या पात्याखाली आलं नाही. ज्या बाईनं त्यांच्यासाठी आपला आवाजसुद्धा खाली आणला, तिच्यासाठी त्यांना एक वाक्य वर काढता आलं नाही. दरबारातले पूर्वज बहुधा असेच असावेत, नाहीतर इतकी वर्षं टिकले नसते.

सकवारबाई उठून उभ्या राहिल्या. गुरुमूर्तींना म्हणाल्या, कागद काढा आणि मी सांगते तसं लिहा. गुरुमूर्तींनी पेन काढलं. पहिली ओळ, यंत्र चालवणाऱ्या बाईनं झाकण उघडून तेल बघितलं नाही. ही त्यांनी आनंदानं लिहिली. दुसरी ओळ, दुकानानं यंत्र तेल न घालता पाठवलं. इथं पेन अडलं, पण चंद्रमौळी समोर उभा होता आणि बालाजीरावही एकदम जोरात म्हणाले, लिहा, लिहा. दुसऱ्याच्या चुकीच्या वेळी त्यांना नेहमी कंठ फुटतो. पहिल्या ओळीखाली सकवारबाईंनी सही केली. दुसरीखाली चंद्रमौळीनं केली. मग बाई म्हणाल्या, आता तीन आकडा घाला आणि पुढची ओळ रिकामी सोडा.

गुरुमूर्तींनी विचारलं, ती कशाला?

"ती शाळेंत भरायची आहे," सकवारबाई मराठीतच म्हणाल्या. गुरुमूर्तींना कळलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

दुकानानं माझं इंजिन उघडून बघितलं. बाहेरची भिंतच फुटली होती आणि माझ्यासारखं इंजिन आता कारखान्यात बनत नव्हतं. त्यांनी हात झटकले आणि मला त्याच व्हॅनमधून परत पाठवलं. ट्रस्टची माणसं मला बघायला शेडमध्ये आली. कागद हातोहात फिरला. शाळेच्या हेडमिस्ट्रेस विद्यालक्ष्मी मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, इथं तीन लिहून पुढे काहीच नाही, हे काय आहे? सगळ्यांनी बालाजीरावांकडे बघितलं. सकवारबाई दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. बालाजीराव म्हणाले, काही नाही, दुकानातल्या माणसाची चूक झाली असेल. ट्रस्टच्या माणसांनी माना डोलावल्या. पहिल्या ओळीवर बाईंची सही होती, ती त्यांना पुरेशी वाटली.

सकवारबाईंनी काही केल्या ते वाक्य उच्चारलं नाही. का, हे मी पुष्कळदा विचार करून पाहिलं आहे. त्या माणसाला वाचवायचं होतं असं मला वाटत नाही. तो स्वतः बोलतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नवऱ्याचा नियम आपण मोडला, हे त्या स्वतःला माफही करत नव्हत्या. परवानगी कुणी का दिलेली असेना, हात आपला होता, असं त्या मला एकदा म्हणाल्या.

नंतर शाळेनं नवं यंत्र घेतलं. हिरवं आहे, आवाज बारीक, दिमाख फार. ते चालवायला श्रीहरी नावाचा माणूस ठेवला. हा पुरुष आहे, आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच आहे. तो येतो, दोरी ओढतो, गवत कापतो, जातो. झाकण त्यानं आजवर एकदाही उघडलेलं नाही. तरी त्या हिरव्याचं इंजिन चांगलं चाललं आहे आणि श्रीहरीची तारीफ होते. हात चांगला आहे म्हणतात.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी काहीतरी उपदेश करायचा असतो. करतो. यंत्राला माळ घालू नका. घालायचीच असेल तर घाला, पण आधी झाकण उघडा. टिळा मोडला तर देवाला राग येत नाही, मी बघितलं आहे, आलाच तर तो इतक्या वेळात कुणावर तरी पडायला हवा होता. आणि तुम्ही कुणाला काही करू नका म्हणालात, आणि त्यातून काही मोडलं, तर ते आपल्या तोंडानं सांगा. कागद रिकामा सोडू नका.

रोज सकाळी श्रीहरी यायच्या आधी सकवारबाई मैदान झाडत झाडत शेडपर्यंत येतात. झाडू भिंतीला टेकवतात. त्या हिरव्याचं झाकण फिरवून उघडतात, पट्टी पदरानं पुसतात, बुडवतात, बघतात. कमी असेल तर कोपऱ्यातल्या बाटलीतून घालतात. झाकण लावतात. मग माझ्याकडे येतात. माझ्यात तेल नाही हे त्यांना माहीत आहे, माझ्या पोटात पाल राहते हेही माहीत आहे. तरी माझंही झाकण उघडतात आणि कोरडी पट्टी बघून परत लावतात. व्हरांड्यात बालाजीराव उभे असतात. त्यांना हे सगळं दिसतं. ते घड्याळ बघतात आणि आत जातात.

तो कागद शाळेच्या कपाटात आहे. तिसरी ओळ अजून रिकामी आहे.